काडतूस आणि बंदूक : एम-१ गॅरंड रायफलीची जडणघडण

सैनिकाच्या हातातील शस्त्र ही एका संशोधकाच्या प्रतिभेची निर्मिती होय, असे सामान्यतः मानले जाते. हा समज सर्वस्वी चुकीचा नसला, तरी अपुरा आहे. संशोधकाच्या कल्पकतेइतकाच दारूचा गुण, कारखान्याची कुवत, सरकारी तिजोरी आणि कोठारातील जुना साठा यांचाही शस्त्राच्या घडणीत वाटा असतो. अमेरिकन सैन्याने १९३६ साली स्वीकारलेली व आपल्या कर्त्याच्या नावाने ‘गॅरंड’ म्हणून ओळखली जाणारी एम-१ रायफल हे याचे बोलके उदाहरण आहे. तिचे अंतिम रूप ठरविण्यात तिच्याहून तीस वर्षांनी जुन्या असलेल्या एका काडतुसाचा निर्णायक भाग होता.

जॉन कॅन्शियस गॅरंड याचा जन्म १८८८ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात झाला. लहानपणीच तो अमेरिकेत आला आणि कापडगिरणीत काम करता करता यंत्रविद्या शिकला. १९१९ साली तो मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागारात रुजू झाला. त्या वेळी अमेरिकन पायदळाजवळ १९०३ सालची स्प्रिंगफील्ड रायफल होती. तिच्यात पाच काडतुसे मावत. परंतु प्रत्येक बारानंतर सैनिकाला मागील दांडी हाताने उचलून मागे ओढावी लागे आणि पुन्हा पुढे सारून बसवावी लागे. तेवढ्या अवधीत नेम ढळे. हे काम बंदुकीने स्वतःच करावे, सैनिकाने प्रत्येक बारासाठी केवळ चाप ओढावा, अशी अपेक्षा होती. अशा बंदुकीस ‘अर्धस्वयंचलित’ म्हणतात. चाप दाबून धरला असता तिच्यातून गोळ्यांची सरबत्ती होत नाही. एका ओढीस एकच गोळी सुटते.

गॅरंडच्या पहिल्या रचनेत काडतुसाच्या बुडाशी असलेली ठिणगीची टोपी स्फोटाच्या दाबाने किंचित मागे सरके आणि त्या हालचालीने यंत्रणा चालू होई. पुढे सैन्याने काडतुसातील दारू बदलली, टोपी घट्ट बसविण्यास प्रारंभ केला आणि ही युक्ती निरुपयोगी ठरली. काडतुसाने बंदुकीवर आपली सत्ता गाजविल्याचा हा पहिला प्रसंग. गॅरंडने मग दारूच्या वायूवर चालणारी रचना हाती घेतली.

याच सुमारास जॉन पेडर्सन या दुसऱ्या नामांकित रचनाकाराने ०.२७६ इंच व्यासाचे नवे काडतूस पुढे आणले. ते ०.३० इंची प्रचलित काडतुसाहून हलके होते आणि त्याचा धक्काही कमी बसे. पेडर्सनच्या रायफलीत मात्र एक उणीव होती. रिकामे कवच सुरळीत बाहेर पडावे म्हणून तिच्या काडतुसांना मेणाचा पातळ लेप द्यावा लागे. गॅरंडनेही याच काडतुसासाठी रायफल रचली. तिच्यात दहा काडतुसे मावत आणि मेणाची गरज नव्हती. परीक्षक मंडळाचा कौल तिच्याकडे झुकला.

परंतु १९३२ साली सेनाप्रमुख जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी नवे काडतूस नामंजूर केले. १९०६ साली निश्चित झालेल्या ०.३० इंची काडतुसाचा मोठा साठा कोठारांत होता व सैन्याच्या मशीनगनही तेच वापरीत. महामंदीच्या त्या दिवसांत दुहेरी पुरवठ्याचा भार उचलणे परवडणारे नव्हते. हा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र त्याची किंमत रचनेने मोजली. काडतूस मोठे झाले आणि दहाच्या जागी आठच बसू लागली.

या रायफलीचे कार्य असे चालते. गोळी नळीच्या तोंडाजवळ पोहोचली की तिच्यामागील वायूचा अल्प अंश नळीखालील लहानशा नळकांड्यात शिरतो व तेथील दट्ट्या मागे लोटतो. दट्ट्याला जोडलेला लांब दांडा मागे सरकताना बोल्ट, म्हणजे नळीचे मागले तोंड बंद करणारी खिट्टी, फिरवून मोकळी करतो. बोल्ट मागे येतो, रिकामे कवच फेकले जाते आणि घोडा चढतो. दाबली गेलेली स्प्रिंग दांड्याला पुन्हा पुढे नेते आणि जाता जाता बोल्ट नवे काडतूस नळीत सारतो. तीच स्प्रिंग काडतुसे वर उचलण्याचेही काम करते. एका भागाकडून दोन कामे करवून घेण्याची ही काटकसर गॅरंडच्या रचनेचे वैशिष्ट्य होय.

आठ काडतुसे पोलादी पत्र्याच्या क्लिपमध्ये बसवलेली असत व ती क्लिपसकट वरून आत ढकलली जात. शेवटची गोळी सुटताच रिकामी क्लिप खणकन बाहेर उडे. हा आवाज ऐकून शत्रू सावध होई, अशी आख्यायिका रूढ आहे. परंतु रणधुमाळीत, शेजारी अनेक बंदुका चालू असता, त्या आवाजाचा शत्रूस फारसा उपयोग होणे कठीण. खरी अडचण निराळीच होती. अर्धवट रिकाम्या क्लिपमध्ये एक-दोन काडतुसांची भर घालणे सोपे नव्हते. शिवाय भरताना बेसावध राहिलेल्या सैनिकाचा अंगठा बोल्टखाली चेंगरे.

आरंभीच्या रायफलींत वायू नळीच्या तोंडावरील टोपणात अडविला जाई. ही योजना समाधानकारक ठरली नाही. यास्तव नळीलाच छिद्र पाडण्याचा बदल मंजूर झाला व १९४०पासून तशा रायफली तयार होऊ लागल्या. १९४५पर्यंत सुमारे ४० लाख रायफली निर्माण झाल्या. त्यांपैकी बहुसंख्य स्प्रिंगफील्डच्या, तर पाच लाखांहून अधिक विंचेस्टर कंपनीच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात अन्य प्रमुख राष्ट्रांचे पायदळ मुख्यतः हाताने बोल्ट ओढण्याच्या बंदुकांवर विसंबून असता, अमेरिकन पायदळाची सर्वसाधारण रायफल अर्धस्वयंचलित होती. गॅरंडने मात्र आपले हक्क सरकारला दिले होते. त्याला एक लाख डॉलर देण्याचे विधेयक अमेरिकन काँग्रेसपुढे आले. ते संमत झाले नाही. १९७४ साली स्प्रिंगफील्ड येथेच त्याचे निधन झाले.

१९५७ साली एम-१ची जागा घेण्यासाठी एम-१४ची निवड झाली. तिच्यात वीस काडतुसांची काढघाल करता येणारी पेटी आली, तरी काडतूस ७.६२ मिलिमीटरचेच, म्हणजे ०.३० इंचीच, राहिले. पुढच्याच दशकात एम-१६बरोबर ५.५६ मिलिमीटरचे हलके काडतूस सैन्यात आले. हलके काडतूस घेऊन सैनिकाने अधिक गोळ्या बाळगाव्यात, हा १९३२ साली बाजूस सारलेला विचार अशा रीतीने तीस वर्षांनी परत आला. २०२२ साली अमेरिकन सैन्याने ६.८ मिलिमीटरच्या जोरकस काडतुसाची नवी रायफल निवडली आणि पारडे पुन्हा उलट बाजूस झुकले. एम-१चा इतिहास अभ्यासताना, म्हणूनच, गॅरंडने काय साधले याबरोबरच कोणत्या मर्यादेत साधले, हेही पाहणे अगत्याचे ठरते. मर्यादा त्याने घातली नव्हती. तिच्यात राहून केलेली रचना मात्र त्याची होती.