सार्वजनिक सेवेत नवोपक्रमशीलतेचे शिक्षण : जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

शासकीय कार्यालयात काही नवे घडले की त्यास 'पॅटर्न' म्हणण्याची रीत महाराष्ट्रात रूढ आहे. लखिना पॅटर्न, शिरपूर पॅटर्न, झिरो पेंडन्सी ही नावे प्रशासनात सर्वपरिचित आहेत. या प्रयोगांचे मोल निर्विवाद आहे. तथापि 'पॅटर्न' या शब्दातच एक अडचण दडलेली आहे. पॅटर्न म्हणजे तयार नमुना. नमुना उतरवून घेता येतो. परंतु तो ज्या विचारातून जन्मास आला, तो विचार त्याबरोबर येतोच असे नाही. सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांना नवोपक्रमशीलता शिकविता येते काय आणि येत असल्यास नेमके काय शिकवावे, याचे विवेचन खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केले आहे.

१. कौशल्य आणि वृत्ती :

नवोपक्रमशीलतेची दोन अंगे आहेत. पहिले अंग कौशल्याचे. समस्या नेमकी ओळखणे, स्थानिक माहिती गोळा करणे, लहान प्रमाणावर प्रयोग करणे, परिणाम मोजणे आणि सर्व प्रक्रियेची नोंद ठेवणे ही कौशल्ये सरावाने येतात. दुसरे अंग वृत्तीचे. चालत आलेल्या पद्धतीबद्दल प्रश्न विचारणे, प्रयोग फसल्यास ते मान्य करणे आणि इतरांचा अनुभव स्वीकारणे ही वृत्ती व्याख्यानाने येत नाही. ती कार्यालयातील वातावरणात घडते अथवा कोमेजते.

सार्वजनिक सेवेची मूळ घडण नियमपालनाची आहे. मुंबई वित्तीय नियम, १९५९ आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांचे ज्ञान कर्मचाऱ्यास असावेच लागते, कारण जनतेच्या पैशाचा हिशेब द्यावयाचा असतो. परंतु नियमाच्या चौकटीत राहूनही काम अधिक चांगले करता येते, हा विश्वास मात्र प्रशिक्षणातून क्वचितच मिळतो.

२. प्रशिक्षणाची व्यवस्था :

राज्यातील प्रशासकीय प्रशिक्षणाची शिखर संस्था 'यशदा' ही १९६३ मध्ये मुंबईत प्रशासकीय प्रशिक्षण महाविद्यालयाच्या रूपाने सुरू झाली आणि १९८४ मध्ये पुण्यात स्थलांतरित झाली. राज्य शासनाने २०११ मध्ये राज्य प्रशिक्षण धोरण स्वीकारले. केंद्र शासनाने २०२० मध्ये 'मिशन कर्मयोगी' मंजूर केले आणि त्याअंतर्गत कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम उपलब्ध झाले. थोडक्यात, प्रशिक्षणाच्या सोयींचा अभाव नाही. प्रश्न आहे तो प्रमाणपत्र मिळाल्यानंतर टेबलावरील कामात काय बदलते, हा.

३. कार्यालयाचे उदाहरण : एकच धडा दोनदा

१९८० च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामकाजाची, अभिलेखांची व बैठकव्यवस्थेची फेररचना केली. तीन दशकांहून अधिक काळानंतर, २०१७ मध्ये, पुणे विभागाचे तत्कालीन आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' उपक्रम राबविला. त्यातही अभिलेखांचे वर्गीकरण आणि सहा गठ्ठे पद्धती यांवर भर होता. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची कागदपत्रे आणि नष्ट करावयाची कागदपत्रे असे हे सहा गठ्ठे होत.

दरम्यानच्या काळात, २००५ च्या बदल्यांचे विनियमन व विलंब प्रतिबंध अधिनियमाने कोणतीही नस्ती सामान्यतः सात कार्यालयीन दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे बंधन घातले होते. पद्धती उपलब्ध होती, कायदाही होता. तरीही तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. याचा अर्थ एवढाच की, शिकले ते अधिकारी. कार्यालय शिकले नाही. अधिकाऱ्याचा सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा असतो. त्याच्याबरोबर पद्धतीचीही बदली होत असेल, तर नवोपक्रम संस्थेत रुजला असे म्हणता येत नाही.

राज्य शासनाच्या शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा कार्यक्रमात जळगाव जिल्हाधिकारी कार्यालयाचा राज्यातील पहिल्या पाच जिल्हाधिकारी कार्यालयांत समावेश झाला. १ मे २०२५ रोजी हा निकाल जाहीर झाला. ही खानदेशच्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे. मात्र अशा यशाची खरी कसोटी शंभराव्या दिवशी नव्हे, तर त्यानंतरच्या बदल्या झाल्यावर लागते.

४. पाण्याचे उदाहरण : शिरपूर आणि यावल-रावेर

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात २००४ च्या सुमारास आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकाराने आणि भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली जलसंधारणाचे काम सुरू झाले. खानापूरकर यांची शासकीय सेवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत झाली होती. तालुक्याचा काही भाग तापीच्या गाळाचा, तर काही भाग बेसाल्ट खडकाचा आहे. गाळाच्या प्रदेशात चिकणमातीचे थर पाणी खाली झिरपू देत नाहीत. बेसाल्टमध्येही वरचा कठीण थर तेच करतो. हे थर ओलांडून पाणी खाली पोहोचावे, म्हणून नाले रुंद व खोल करून त्यांवर सिमेंट बंधारे बांधण्यात आले. म्हणजे आधी निदान झाले आणि मग उपाय ठरला.

पुढे हा उपाय इतरत्र गेला. त्याचे दृश्य रूप म्हणजे यंत्राने खोदलेला नाला. ते सहज उचलता आले. भूस्तराची तपासणी मात्र दिसत नसल्याने अनेकदा मागे राहिली. सरसकट खोलीकरणाने नैसर्गिक प्रवाहाची व भूजलधारक स्तराची हानी होऊ शकते, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला तो याच कारणाने.

शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील यावल व रावेर या केळीच्या तालुक्यांतही भूजलपातळी खालावली आहे. परंतु तेथे सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा व वाळूचा पाणी शोषून घेणारा पट्टा आहे. त्यास बझाडा म्हणतात. तापीचे पाणी या पट्ट्यात मुरविण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात १० मे २०२५ रोजी सामंजस्य करार झाला. तापीचे खोरे एकच, अडचणही एकच; तरीही उपाय भिन्न. नमुना नव्हे तर निदान शिकवावे लागते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

५. शाळेचे उदाहरण : कृतिसंशोधन

अशा शिक्षणाची एक बैठक शालेय व्यवस्थेत पूर्वीपासून आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. जळगाव व धुळे येथेही त्या कार्यरत आहेत. शिक्षकांसाठीची नवोपक्रम स्पर्धा या संस्थांमार्फत होते. गरज, उद्दिष्टे, नियोजन, कार्यपद्धती आणि यशस्विता या क्रमाने शिक्षक आपला अहवाल सादर करतो. ही मांडणी मुळात कृतिसंशोधनाची आहे. वर्गातील एक अडचण घ्यावी, कारण शोधावे, उपाय करून पाहावा, आधीची व नंतरची स्थिती ताडून पाहावी, असा हा क्रम आहे.

या व्यवस्थेत एक उणीव संभवते. अहवाल स्पर्धेसाठी लिहिला जात असल्याने त्यात फसलेला प्रयोग सहसा येत नाही. वस्तुतः एका शाळेत फसलेला प्रयोग दुसऱ्या शाळेचे वर्ष वाचवू शकतो.

६. उपाययोजना :

अ) ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक), लिपिक व आरोग्यसेविका यांच्या प्रशिक्षणात कृतिसंशोधनाचा अंतर्भाव करावा. प्रत्येकाने आपल्याच कामातील एक अडचण निवडावी.

आ) प्रयोग लहान, ठरावीक मुदतीचा व वरिष्ठांच्या पूर्वसंमतीने असावा. त्यामुळे लेखापरीक्षणाची भीती कमी होईल.

इ) यशाबरोबर अपयशाचीही नोंदवही ठेवावी आणि बदलीच्या वेळी ती कार्यभारासोबत हस्तांतरित करावी.

ई) पुरस्कार व्यक्तीपेक्षा कार्यालयास द्यावा आणि उपक्रम पुढील अधिकाऱ्याच्या काळातही टिकला किंवा कसे, हा त्याचा निकष असावा.

उ) कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांना येथे मोठा वाव आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प व समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदविते. भूगोलाचे विद्यार्थी आपल्या गावातील विहिरींची पातळी मोजून तिच्याशी ताडू शकतील. लोकप्रशासनाचे विद्यार्थी दाखला मिळण्यास लागणारे दिवस मोजू शकतील. कर्मचाऱ्यास आपल्या कामाचा आरसा मिळेल आणि विद्यार्थ्यास संशोधनाची दीक्षा.

निष्कर्ष :

नवोपक्रमशीलता ही काही मोजक्या अधिकाऱ्यांची दैवी देणगी नव्हे. ती निदानाची व नोंदीची शिस्त आहे आणि म्हणून ती शिकविता येते. शिरपूरचा नाला यावलला नेता येणार नाही. पण नाला खोदण्यापूर्वी जमिनीखाली पाहण्याची सवय कोठेही नेता येते. ती सवय गावपातळीवरील कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचली, तर पुढील जिल्हाधिकारी कोण येणार यावर गावाचे पाणी आणि नागरिकाचा दाखला अवलंबून राहणार नाही.