गीसेनची प्रयोगशाळा

रसायनशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण प्रयोगशाळेभोवती उभे राहिले ते प्रामुख्याने जर्मनीतल्या गीसेन या लहानशा गावी. १८२४ मध्ये युस्टुस लीबिग तेथे प्राध्यापक झाला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. प्रयोगशाळेसाठी मिळालेली जागा म्हणजे जुन्या बराकीची पहारेकऱ्यांची इमारत. तोवर विद्यार्थी बहुधा व्याख्याने ऐकत आणि प्राध्यापकाने केलेले प्रयोग पाहत. येथे नवखा विद्यार्थी आधी अज्ञात पदार्थांतील घटक ओळखायला शिके, मग त्यांचे प्रमाण मोजायला, आणि शेवटी स्वतःच्या संशोधनाचा विषय हाती घेई.

हे शक्य झाले ते बऱ्याच अंशी काचेच्या एका साध्या उपकरणामुळे. १८३१ मध्ये लीबिगने पाच फुग्यांची नळी तयार केली. सेंद्रिय पदार्थ जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड तिच्यातील कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात शोषला जाई. नळीचे वजन जितके वाढे, त्यावरून कार्बनचे प्रमाण कळे. पूर्वी निष्णात रसायनज्ञालाच जमणारे हे विश्लेषण आता विद्यार्थीही करू लागले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ही नळी आजही दिसते.

१८५२ मध्ये लीबिग म्युनिकला गेला, पण पद्धत त्याआधीच बाहेर पोहोचली होती. त्याचा शिष्य होफमान १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीचा प्रमुख झाला. होफमानच्याच हाताखाली शिकणाऱ्या विल्यम पर्किनने १८५६ मध्ये, क्विनीन बनवण्याच्या खटपटीत, कृत्रिम जांभळा रंग शोधला. गीसेनची मूळ प्रयोगशाळा आता संग्रहालय आहे.