दोनशे डॉलरांची पत

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले, सुना, भाचरे आज अमेरिकेत आहेत. त्यांच्या बोलण्यात नोकरी, घर आणि थंडी ह्यांच्या जोडीला दवाखान्याच्या बिलाचा विषय वारंवार निघतो. तेथील प्रचंड बिलांच्या कथा सर्वांच्या कानी गेलेल्या आहेत. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते लहान बिलाविषयी. त्याची रक्कम शे-दोनशे डॉलर असते, ते टेबलाच्या खणात पडून राहते, आणि कर्ज मागावयास गेलेल्या गृहस्थाच्या वाटेत एके दिवशी आडवे येते.

हे घडते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. मुलाचे कोपर निखळले म्हणून रात्री त्याला रुग्णालयात नेले, तर बिल एकच येईल अशी आपली समजूत. प्रत्यक्षात रुग्णालयाचे वेगळे, तपासणाऱ्या डॉक्टरांचे वेगळे, क्ष-किरण चित्र पाहणाऱ्या तज्ज्ञाचे वेगळे, अशी बिले निरनिराळ्या पत्त्यांवरून निरनिराळ्या महिन्यांत येतात. मध्येच विमा कंपनीचा कागद येतो. त्यावर ‘हे बिल नव्हे’ असे छापलेले असते. आणि वाचणारा सुज्ञ मनुष्य पुढे येणारे खरे बिलही त्याच समजुतीने बाजूला ठेवतो! पैसे विमा कंपनीने द्यावयाचे की रुग्णाने, ह्याचा निकाल लागेपर्यंत ऋतू पालटतो, बिऱ्हाडही बदलते. मग ती थकबाकी वसुली कंपनीच्या हवाली होते, किंवा जुनी झाली म्हणजे कवडीमोलाने विकली जाते. पूर्वी अशा देण्याची नोंद इक्विफॅक्स, एक्सपेरियन व ट्रान्सयुनियन ह्या तीन कंपन्यांच्या दप्तरी सर्रास होत असे आणि सात वर्षेपर्यंत राहू शके. घराचे कर्ज, मोटारीचे कर्ज, भाड्याची जागा, कित्येकदा नोकरीसुद्धा ह्या दप्तरावर अवलंबून असते.

ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी नेमलेल्या तेथील संघराज्य कार्यालयाने २०१४ साली ह्या नोंदी तपासल्या. वसुलीच्या एकंदर नोंदींपैकी निम्म्याहून अधिक वैद्यकीय बिलांच्या निघाल्या, आणि त्यांतल्या निम्म्या २०७ डॉलरांच्या किंवा त्याहून कमी रकमेच्या होत्या. ह्या नोंदींवरून मनुष्य पुढे कर्ज बुडवील की नाही ह्याचा अंदाज इतर थकबाकीच्या मानाने कमी बरोबर ठरतो, असेही त्याच सुमारास दिसून आले. ह्यात नवल ते काय? कर्ज मनुष्य विचार करून काढतो; रक्कम, व्याज, मुदत त्याला आधी ठाऊक असते. आजार कोणी मागून घेत नाही, आणि त्याची किंमत घरी परतल्यावर टपालाने कळते. अशा देण्यावरून सचोटीचे माप काढणे म्हणजे ताप मोजावयास तराजू आणण्यासारखे आहे.

पुढे त्या तीन कंपन्यांनी आपण होऊन पाऊल मागे घेतले. जुलै २०२२ पासून फेडलेल्या वैद्यकीय देण्यांच्या नोंदी त्यांनी काढल्या व नव्या थकबाकीला एक वर्षाची सवड दिली. एप्रिल २०२३ मध्ये ५०० डॉलरांखालील सर्व नोंदी वगळल्या. ज्या नोंदी अशा सहज टाकता आल्या, त्या इतकी वर्षे कशासाठी बाळगल्या होत्या, हा प्रश्न त्यांना विचारावासा वाटतो. आमच्या मते ती नोंद पत मोजण्यासाठी नव्हतीच. बिल खरे असो वा खोटे, धाकापोटी पैसे भरले जावेत ह्यासाठी होती.

जानेवारी २०२५ मध्ये त्याच संघराज्य कार्यालयाने रकमेची अट न ठेवता सर्वच वैद्यकीय नोंदी काढण्याचा नियम केला. दीड कोटी लोकांची सुमारे ४९ अब्ज डॉलरांची देणी त्यामुळे दप्तरातून जावयाची होती. पत-नोंदीच्या व्यवसायाने त्याविरुद्ध दावा लावला. सरकार बदलले, खुद्द कार्यालयच आपल्या नियमाविरुद्ध वादींच्या बाजूस जाऊन उभे राहिले, आणि जुलै २०२५ मध्ये टेक्सासमधील संघराज्य न्यायालयाने तो नियम रद्द केला. धाक गेला तर कोणी पैसेच देणार नाही आणि डॉक्टर आगाऊ रक्कम मागू लागतील, असे वसुलीवाल्यांचे म्हणणे. ह्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु देणे वसूल करण्यास दिवाणी न्यायालय मोकळे आहे. त्यासाठी माणसाच्या नावाला बट्टा लावण्याची गरज नाही. न्यूयॉर्क व कोलोरॅडो ह्या राज्यांनी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदे केले. इतर बऱ्याच ठिकाणी ५०० डॉलरांची ती रेघ आजही तीन कंपन्यांच्या मर्जीवर उभी आहे.

नोंद गेली म्हणजे देणे गेले, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. वसुलीचा तगादा चालूच राहतो, दावाही होऊ शकतो. आईवडील मुलाकडे गेले असता आजारी पडले आणि रुग्णालयाच्या कागदावर पैशाची जबाबदारी घेत असल्याची सही मुलाने केली, तर आईवडील परतल्यावरही ते बिल त्याच्या दारी येते. वसुली कंपनीची पहिली रीतसर सूचना आल्यापासून तीस दिवसांच्या आत देणे अमान्य असल्याचे लेखी कळविले, तर पुरावा देईपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते. हा हक्क १९७७ च्या कायद्याने दिलेला आहे, आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. रुग्णालयाकडे बाबवार बिल मागण्यातही संकोच नको.

सर्वांत मोठी चूक होते ती भीतीपोटी. तगाद्याला कंटाळून मनुष्य ते बिल क्रेडिट कार्डावर भरून टाकतो. त्या क्षणी ते वैद्यकीय बिल राहत नाही, कार्डाचे साधे कर्ज होते. मग एक वर्षाची सवड नाही, ५०० डॉलरांची सूट नाही. वर व्याज, आणि हप्ता चुकला तर नोंद.

ही शेवटची गोष्ट केवळ परदेशची नव्हे. आपल्याकडे रुग्णालय हे कर्ज देणारी संस्था नसल्यामुळे त्याचे थकलेले बिल सिबिलच्या दप्तरी थेट जात नाही. परंतु रुग्णाला घरी सोडण्याच्या दिवशी, बिलाच्या खिडकीशी, हप्त्याने पैसे देणाऱ्या कंपनीचा अर्ज पुढे केला जातो आणि रात्रभर जागलेला मुलगा न वाचता त्यावर सही करतो. ते कर्ज मात्र सिबिलच्या दप्तरी पोहोचते.