भाटघर: पावसाळ्यात भरणारं, मेमध्ये देऊळ दाखवणारं

राजगडाच्या संजीवनी माचीवरून दक्षिणेला पाहिलं, की डोंगरांच्या सोंडांमध्ये शिरत, मुरडत गेलेलं पाणी दिसतं. हा भाटघरचा तलाव, म्हणजे येसाजी कंक जलाशय. गड वेल्हे तालुक्यात (आता नावच राजगड तालुका), तलाव भोरमध्ये. पण आकार इतका वेडावाकडा कसा? कारण इथे वेळवंडी नदीचं आख्खं खोरंच पाण्याने भरलंय. जिथे ओढा उतरत होता तिथे पाणी आत घुसलं आणि दोन ओढ्यांमधली सोंड वर राहिली. म्हणून समोरचं गाव हाकेच्या अंतरावर वाटतं, पण रस्त्याने निघालात तर भलामोठा वळसा पडतो.

पाणी किती? 23.5 टीएमसी. आकडा डोक्यावरून गेला? मग हे बघा: पुण्याला पाणी पुरवणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं मिळून 29 टीएमसीच्या आसपास भरतात!

इथलं पहिलं धरण एकोणिसाव्या शतकातलं. ते अपुरं पडलं, म्हणून 1920च्या दशकात दीड किलोमीटरहून लांब भिंत उभी राहिली. गव्हर्नरच्या नावावरून लॉईड धरण. खरी गंमत मात्र तिच्या दारांत आहे. एकूण 81 दारं, त्यांतली 45 आपोआप उघडतात. मध्यरात्री पूर आला, वीज गेली, तरी ही दारं कोणाची वाट पाहत नाहीत. कसं जमतं? दार आणि त्याला जोडलेलं वजन, ही तराजूची दोन पारडी समजा. वजन एका कुंडात लटकतं. तलाव ठरलेल्या पातळीला पोचला, की पाणी कुंडात शिरतं, बुडालेल्या वजनाचा भार बदलतो, तोल ढळतो आणि दार उघडतं. पातळी उतरली, कुंड रिकामं झालं, की दार पुन्हा बंद. पुरानेच पुराला वाट करून द्यायची! अशी दारं सर विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये खडकवासल्याला बसवली होती.

आता हे पाणी जातं कुठे? सह्याद्रीच्या धारेवर पडलेला एक थेंब पश्चिमेला घरंगळला तर महाडकडून अरबी समुद्रात. वीतभर पूर्वेला पडला तर वेळवंडी, नीरा, नरसिंगपूरला भीमा, पुढे कृष्णा आणि थेट बंगालचा उपसागर. अर्थात तिथवर पोचू दिलं तर! मध्येच नीरेचा डावा कालवा त्याला बारामती-इंदापूरला नेतो, उजवा फलटण-माळशिरसला. पाऊस भोरच्या डोंगरात, ऊस दुष्काळी पट्ट्यात.

म्हणूनच मेपर्यंत तलाव खपाटीला जातो आणि कांबरे गावाजवळ नदीपात्रातलं कांबरेश्वराचं शिवमंदिर बाहेर येतं. लोक त्याला पांडवकालीन म्हणतात. वर्षाचा बहुतेक काळ पाण्याखाली राहूनही ते उभं आहे. जूनचा पाऊस लागण्याआधी गाठा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा.

हिवाळ्यात काठावर तंबू लागतात, शेकोट्या पेटतात. जरूर जा. पण हे बुडालेलं खोरं आहे, हे विसरू नका. पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध आणि ओढ्यांची पात्रं तशीच आहेत. एक पाऊल गुडघाभर पाण्यात, तर पुढचं पुरुषभर खोलीत पडू शकतं. पोहायचा मोह झालाच, तर आधी गावातल्या माणसाला विचारा आणि तो नको म्हणाला तर ऐका.