काळ्या जमिनीत मोरपंखी

अंगणाच्या फाटकाशी उभं, निमुळतं, बारमाही हिरवं झाड हवं असलं की बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीच्या बाजूला तीन नावं निघतात: सुरू, उंच अशोक आणि मोरपंखी. यातली खरी सूचिपर्णी एकटी मोरपंखी. सुरू फुलझाडांच्या गटातला, आणि उंच अशोक तर बालाघाटावरच्या सीताफळाच्या कुळातला.

मोरपंखी मूळची चीनकडची. चुनखडीची जमीन आणि कोरडी हवा ती सोसते. एकदा रुजली की बीडचा उन्हाळाही काढते. तिचा घात होतो तो पावसाळ्यात. काळी माती भिजली की फुगते, आतली हवा निघून जाते आणि मुळं कुजतात. खोल खड्डा घेऊन भुसभुशीत माती भरणं तर आणखी वाईट, कारण भोवतालचं पाणी त्यात उतरतं आणि चिकण मातीतून खाली मुरत नाही. म्हणून खड्डा उथळ घ्या. मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत कालवून फूटभर उंच, पसरट ओटा करा आणि रोप त्यावर लावा. पिशवीत गोल फिरलेली मुळं आधी बोटांनी मोकळी करा. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की लागवड करावी.

पहिले दोन उन्हाळे मात्र पाणी हवंच. रोज तांब्याभर घालू नका. खुरपीने चार बोटं उकरून बघा, कोरडं लागलं तरच भरपूर द्या. वर उसाचं पाचट अंथरा, पण खोडापासून वीतभर दूर.

आता आकार. मोरपंखीच्या फांद्या खोडाला बिलगून वर चढतात, पानांच्या चपट्या फण्या उभ्या राहतात. दिवसभर ऊन मिळालं तरच हा बांधा घट्ट राहतो. फांद्या बाजूला सारून पाहिलं तर आत तपकिरी, वाळका पाला दिसेल. तिथे उजेड पोचत नाही, एवढंच. कात्री मात्र त्या भागापर्यंत नेऊ नका. जुन्या, उघड्या लाकडाला पुन्हा फूट येत नाही आणि पडलेलं खिंडार कायमचं राहतं. छाटणी फक्त वरच्या हिरव्यातली, पावसाळा सरल्यावर, हलक्या हाताने. वळवाच्या वाऱ्याने फांदी फाकली तर कापण्यापेक्षा सुतळीने सैलसर बांधावी.

एप्रिल-मेमध्ये बाहेरचा पाला धुरकट दिसू लागला तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. बारीक ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड आतून-बाहेरून धुवा आणि आठवड्याने पुन्हा कागद धरून बघा.