कवटी आणि रानडुक्कर

कॉर्कच्या मार्डाइक मैदानावर पहिल्यांदा गेलो तेव्हा खेळाकडे माझं लक्षच नव्हतं. यजमान संघाच्या लाल-काळ्या जर्सीवर, बरोबर छातीवर, पांढरी कवटी होती आणि तिच्याखाली फुलीत ठेवलेली दोन हाडं. युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कच्या संघांचं हे चिन्ह. समुद्रकाठचं शहर, चाचेगिरीची जुनी परंपरा, असं काहीतरी विद्वत्तापूर्ण मी बोलायला लागलो, तशी भाची हसली. ती तिथे डॉक्टर आहे. "मामा, चाचे-बिचे काही नाही. पूर्वी संघात मेडिकलची मुलं जास्त असायची, त्यांनी आणली म्हणतात ही कवटी."

तिचा सात वर्षांचा मुलगा मात्र माझ्या बाजूचा होता. आदल्याच दिवशी त्याने बंदरावरच्या एका दुकानातून चाच्यांच्या निशाणांचा तक्ता घेतला होता. आपल्याकडे शाळेत फळांचा किंवा पाळीव प्राण्यांचा तक्ता असतो ना, अगदी तसा. बारा काळे चौकोन आणि प्रत्येकाखाली एकेका कप्तानाचं नाव. ब्लॅकबिअर्डच्या चौकोनात शिंगं असलेला सांगाडा हृदयात भाला खुपसतोय. 'कॅलिको जॅक' रॅकहॅमच्या कवटीखाली हाडांऐवजी दोन तलवारी. एडवर्ड इंग्लंडच्या चौकोनात साधी, आपल्या विजेच्या खांबावर असते तशी कवटी. आंबा, पेरू, सीताफळ म्हणावं तसा तो पोरगा एकेक नाव घडाघडा म्हणत होता. त्या मुक्कामात मी या तक्त्याच्याच मागे लागलो, आणि महिन्याभरात बारापैकी बहुतेक चौकोन माझ्या हातातून निसटले.

आधी खरं काय ते सांगतो. कवटीच्या निशाणाची पहिली भक्कम नोंद १७०० सालच्या जुलै महिन्यातली आहे. केप व्हर्द बेटांजवळ 'पूल' या इंग्रजी युद्धनौकेने इमॅन्युएल विन नावाच्या फ्रेंच लुटारूचा पाठलाग केला. कप्तान क्रॅन्बीने रोजनाम्यात लिहून ठेवलं की शत्रूच्या काळ्या निशाणावर कवटी, हाडं आणि वाळूचं घड्याळ आहे. त्यानंतर १७१५ ते १७२५ या दहाएक वर्षांत असली निशाणं अटलांटिकभर दिसली आणि मग जवळजवळ नाहीशी झाली. त्या दशकातलं एकही निशाण आज कापडाच्या रूपात उरलेलं नाही. उरले आहेत ते शब्द: रोजनामे, खटल्यांतल्या साक्षी, वर्तमानपत्रांतले तुकडे, आणि १७२४ साली लंडनला छापलेलं कॅप्टन चार्ल्स जॉन्सनचं चाच्यांच्या चरित्रांचं पुस्तक. हा जॉन्सन टोपणनावाने लिहिणारा. त्याच्यामागचा खरा माणूस डॅनियल डीफो, असं विसाव्या शतकात बरीच वर्षं मानलं गेलं. आता ते फारसं कोणी मानत नाही. म्हणजे आपला मुख्य साक्षीदारच मुखवटा घालून उभा आहे.

तरी निशाण कशासाठी होतं, हे या शब्दांतून स्वच्छ कळतं. लढाई चाच्याला परवडत नसे. तोफा डागल्या की लुटायचा माल भिजतो, जळतो, आणि आपलीही माणसं मरतात. म्हणून जवळ जाईपर्यंत इंग्लंडचं, फ्रान्सचं, कुठलंही सोयीचं निशाण लावायचं आणि गिऱ्हाईक टप्प्यात आलं की काळं चढवायचं. काळ्याचा अर्थ: मुकाट्याने शरण या, जीव वाचेल. लाल चढलं तर दयामाया नाही. नेम सगळीकडे इतका काटेकोर पाळला जात नसे, पण समोरच्या खलाशाला संदेश पोचायचा. पोचायचाच, कारण चित्र त्याच्या ओळखीचं होतं. आयर्लंडच्या जुन्या दफनभूमींतून हिंडलं की अठराव्या शतकातल्या थडग्यांवर हेच सगळं सामान कोरलेलं दिसतं: कवटी, हाडं, वाळूचं घड्याळ, शवपेटी, घंटा. पर्यटक अशा थडग्यासमोर 'चाच्याची कबर' म्हणून फोटो काढतात. प्रत्यक्षात आत एखादा सालस कापडव्यापारी झोपलेला असतो. मरण सर्वांना आहे, वेळ संपत आली, एवढंच त्या दगडाचं म्हणणं. चाच्यांनी देवळाच्या आवारातली ही भाषा उचलली आणि डोलकाठीवर चढवली.

आता गंमत अशी की निशाण ही जर भाषा असेल, तर ती सगळ्यांना एकसारखी कळायला हवी. प्रत्येक कप्तानाने आपापली वेगळी लिपी काढून कसं चालेल? हा साधा प्रश्न तक्ता छापणाऱ्याला पडला नाही. आजच्या कंपन्यांसारखा प्रत्येक चाच्याला स्वतःचा लोगो होता, ही समजूत विसाव्या शतकातली आहे.

ब्लॅकबिअर्डचंच घ्या. हृदयाला टोचणारा भाला खरा आहे, पण तो त्याचा नाही. १७२३ च्या जुलैत अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टला एकाच दिवशी सव्वीस चाच्यांना फाशी दिलं. त्यांचं निशाण फाशीच्या खांबालाच लावलं होतं: मृत्यूची आकृती, तिच्या एका हातात वाळूचं घड्याळ, दुसऱ्या हातात भाला, भाल्याच्या टोकाशी हृदय आणि त्यातून गळणारे रक्ताचे तीन थेंब. ती माणसं त्याला 'ओल्ड रॉजर' म्हणत. जॉन्सनच्या पुस्तकात थोड्याफार फरकाने हेच चित्र स्प्रिग्ज नावाच्या कप्तानाकडे येतं आणि त्याचं नाव होतं 'जॉली रॉजर'. ब्लॅकबिअर्ड तर १७१८ मध्येच मेला होता. शिंगांचा सांगाडा छापील रूपात अवतरतो तो १९१२ साली, एका नौकाविषयक नियतकालिकात, आणि तिथेही त्याच्याखाली ब्लॅकबिअर्डचं नाव नव्हतं. नाव पुढे कोणीतरी जोडलं. 'ध' चा 'मा' करायला शनिवारवाडाच लागतो असं नाही.

उलट जी निशाणं खरोखरच विशिष्ट माणसाची होती, ती तक्त्यात मावतील अशी नव्हती. एडवर्ड लो याने काही काळ हिरव्या रेशमावर तुतारी फुंकणारा पिवळा माणूस लावला. मुलांच्या वाढदिवसाला शोभेल असं. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सने स्वतःलाच दोन कवट्यांवर उभं केलं आणि कवट्यांखाली अक्षरं घातली. एक डोकं बार्बाडोसवाल्याचं, दुसरं मार्टिनिकवाल्याचं, कारण त्या दोन बेटांच्या सरकारांनी त्याच्यामागे जहाजं लावली होती. हा दंश धरून बसणारा माणूस. आयर्लंडवरही त्याचा असाच दंश होता. केनेडी नावाचा त्याचा साथीदार जहाज आणि लूट घेऊन पसार झाला, तेव्हा रॉबर्ट्सने उरलेल्यांकडून नियमांवर शपथ घेतली आणि त्या शपथेतून आयरिश माणसांना सरसकट वगळलं, असं जॉन्सन सांगतो. केनेडी आयर्लंडला जायला निघाला आणि दिशा चुकून स्कॉटलंडला लागला. १७२१ साली लंडनमध्ये फासावर गेला. तक्त्यात त्यालाही एक चौकोन आहेच.

आयर्लंडला स्वतःचा म्हणावा असा चौकोन हवा असेल तर नावं तीन पुढे येतात. पहिलं अर्थातच ग्रेस ओमॅली. आयरिश नाव ग्रॉन्या. पश्चिमेच्या मेयो परगण्यातला क्ल्यू उपसागर हे तिचं राज्य. जन्म १५३० च्या आसपास, मृत्यू १६०३ च्या सुमारास. वल्ह्या-शिडांच्या गलबतांचा ताफा बाळगायची, आपल्या किनाऱ्यावरून गॉल्वेकडे जाणाऱ्या जहाजांकडून पट्टी वसूल करायची, न देणाऱ्याला लुटायची. १५९३ च्या सप्टेंबरात ती ग्रीनिचला जाऊन खुद्द एलिझाबेथ राणीला भेटली. दोघी जवळजवळ एका वयाच्या, दोघी साठीच्या. वेस्टपोर्ट हाउस या तिच्या वंशजांनी बांधलेल्या हवेलीच्या आवारात तिचा पुतळा आहे आणि तिथेच चाच्यांच्या नावाचं खेळउद्यानही होतं. कवटीशिवाय तिचं चित्र बाजारात मिळणं कठीण. पण कवटीचं निशाण जन्मलं तेव्हा ग्रॉन्या जाऊन जवळजवळ शंभर वर्षं झाली होती.

तिच्या घराण्याचं चिन्ह मात्र आपल्यापर्यंत पोचलंय. क्लेअर बेटावरच्या मध्ययुगीन मठात, जिथे तिला पुरल्याचं सांगतात, भिंतीत एक कोरीव दगड आहे. त्यावर रानडुक्कर, वल्ह्यांचं गलबत आणि लॅटिन ब्रीद: जमिनीवर आणि समुद्रावर समर्थ. तो दगड बघताना मला बोरिवलीचे एकसरचे वीरगळ आठवले. तिथेही वल्हवणाऱ्या नौकांच्या रांगा दगडात आहेत, शिलाहारांच्या काळातल्या. समुद्रावरच्या माणसांना दगडात आणायची कल्पना दोन्हीकडच्या लोकांना सुचली. कवटी मात्र दोन्हीकडे नाही.

दुसरं नाव अ‍ॅन बॉनी. जॉन्सनच्या म्हणण्याप्रमाणे कॉर्कजवळ जन्मलेली, एका वकिलाची अनौरस मुलगी. बापाचं नाव आज सर्रास विल्यम कॉरमॅक असं लिहितात. जॉन्सनने नाव दिलेलंच नाही. ती रॅकहॅमबरोबर होती आणि १७२० च्या ऑक्टोबरात जमैकाच्या पश्चिम टोकाशी पकडली गेली. रॅकहॅम नोव्हेंबरात फासावर गेला. अ‍ॅन आणि तिची सोबतीण मेरी रीड यांचा खटला २८ नोव्हेंबरला झाला. शिक्षा ऐकल्यावर दोघींनी आपण गरोदर असल्याचं सांगितलं आणि फाशी टळली. या खटल्याचं वृत्त छापलेलं आहे. डोरोथी टॉमस या साक्षीदार बाईने त्या दोघींची जाकिटं, लांब विजारी, डोक्याला बांधलेले रुमाल, हातातली पिस्तुलं आणि कोयते, सगळं सांगितलं. दोन तलवारींच्या कवटीबद्दल खटल्यात चकार शब्द नाही. जॉन्सनही ते निशाण रॅकहॅमला देत नाही. ते त्याला मिळालं विसाव्या शतकात, आणि २००३ च्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' चित्रपटाने ते जगभर पोचवलं. अ‍ॅन बॉनीचं निशाण म्हणून जे आयर्लंडमध्ये विकलं जातं ते अशा रीतीने तिचं नाहीच, पण ज्याचं म्हणून तिला दिलं त्याचंही नाही.

तिसरा माणूस आपल्या जवळचा. एडवर्ड इंग्लंड. नाव इंग्लंड, आणि हल्लीची पुस्तकं त्याला आयर्लंडमध्ये जन्मलेला म्हणतात. जॉन्सन तसं म्हणत नाही. १७२० च्या ऑगस्टमध्ये मादागास्करजवळच्या कोमोरो बेटांत त्याने आणि त्याचा जोडीदार टेलर याने ईस्ट इंडिया कंपनीचं 'कॅसान्ड्रा' हे मुंबईकडे निघालेलं जहाज गाठलं. कप्तान जेम्स मॅक्रे तासन्‌तास लढला, जहाज गमावलं, आणि हिय्या करून पुन्हा चाच्यांसमोरच जाऊन उभा राहिला. इंग्लंडने त्याला जिवंत सोडलं, वर एक मोडकं जहाजही दिलं. मॅक्रेने ही सगळी हकीकत १६ नोव्हेंबर १७२० रोजी मुंबईहून पत्रात लिहिली. त्यात चाच्यांच्या काळ्या आणि लाल निशाणांचा उल्लेख आहे. पण डोळ्यांनी ज्याने बघितलं, त्याने इंग्लंडच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या त्या सुबक कवटीचं वर्णन केलेलं नाही. तोफांच्या धुरात त्याला रंग दिसले, आणि रंगच पुरेसे होते.

मॅक्रेला सोडल्याचा राग धरून साथीदारांनी इंग्लंडला मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरवून दिलं. टेलर पुढे गेला. १७२१ च्या एप्रिलमध्ये त्याने ला ब्यूझ या फ्रेंच चाच्यासोबत रेयुनियन बेटाशी एक पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यावर कोण होतं? गोव्याहून मायदेशी परतणारा व्हाइसरॉय, एरिसेराचा काउंट. 'ट्रेझर आयलंड' वाचलेल्यांना आठवत असेल, लाँग जॉन सिल्व्हरचा पोपट इंग्लंडबरोबर फिरलेला आणि गोव्याच्या व्हाइसरॉयचं जहाज लुटताना हजर असलेला आहे. स्टीव्हन्सनने इथे इंग्लंडला थोडा जास्त वेळ गलबतावर ठेवलं. कादंबरीकाराला ते माफ. तक्ता छापणाऱ्याने मात्र तीच सवलत इतिहास म्हणून विकली.

मॅक्रेचं पत्र मुंबईत लिहिलं जात होतं त्याच हंगामात मुंबईकर इंग्रजांचं आरमार विजयदुर्गावर हल्ला करून हात हलवत परतलं होतं. समोर होता सरखेल कान्होजी आंग्रे. कंपनीच्या कागदांत इंग्लंडही 'पायरेट' आणि छत्रपती शाहूंचा सरखेलही 'पायरेट'. कान्होजीचा गुन्हा काय, तर आपल्या समुद्रातून जाणाऱ्याने आपलं दस्तक घ्यावं हा आग्रह. ग्रॉन्याचं मेयोत दुसरं काय चाललं होतं? ज्याला आपली जमीन, आपले किल्ले आणि आपलं घराणं आहे, त्याला कवटी लागत नाही. मागे काहीच नसलेल्या माणसाचं निशाण आहे ते.

आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावरची सर्वांत भीषण लूट तर निशाणावाचूनच झाली. २० जून १६३१, पहाटेच्या आधी, कॉर्क परगण्यातलं बाल्टिमोर हे कोळ्यांचं गाव. मुराद रईस हा धर्म बदललेला मूळचा डच माणूस अल्जीरियाची गलबतं घेऊन आला. डंगार्व्हनचा हॅकेट नावाचा पकडलेला आयरिश नाखवा वाट दाखवायला होता. पुढे त्यालाही फासावर चढवलं. शंभरावर माणसं, बरीचशी बायकामुलं, गुलाम म्हणून अल्जीअर्सला नेली. परत आली ती एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अंधारात निशाण दिसलंच नसतं, आणि दाखवायचंही नव्हतं. शरण आणायचं असतं तेव्हा निशाण लागतं. झोपेतून उचलायला कशाला? खुद्द बाल्टिमोर, लीमकॉन, क्रुकहेव्हन ही या किनाऱ्यावरची बंदरं त्याआधी वीस वर्षं इंग्रज चाच्यांचेच अड्डे होती. तिथे अधिकाऱ्यांना वाटा मिळे, खानावळी चालत, लुटीचा माल उघड विकला जाई. त्या बाजारातही कवटीला गिऱ्हाईक नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी नातवाला क्लेअर बेटावरच्या दगडाचा फोटो दाखवला. म्हटलं, बघ, हे ग्रॉन्याच्या घरचं खरं चिन्ह, तुझ्या तक्त्यात नाही. त्याने फोन जवळ घेतला, बोटांनी चित्र मोठं केलं.

"आजोबा, हे तर डुक्कर आहे."

"रानडुक्कर," मी म्हणालो.

त्याने फोन परत दिला आणि तक्ता भिंतीवर लावायला चिकटपट्टी मागितली. ती मीच कापून दिली.