युद्धकाळ आणि इंटरनेटचे पत्ते

महाराष्ट्रांत कर्जत नांवाचीं तालुक्याचीं दोन गांवें आहेत. एक बोरघाटाखालीं रायगड जिल्ह्यांत, दुसरें अहिल्यानगर जिल्ह्यांत. एकाचें पत्र दुसरीकडे जाऊं नये म्हणून पहिल्यास ४१०२०१ व दुसऱ्यास ४१४४०२ असा पिनकोड आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेंतून निघालेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. पत्रांत काय लिहिलें आहे, याची चौकशी पिनकोड करीत नाहीं. तें कोठें जावयाचें, एवढेंच तो सांगतो.

इंटरनेटवरील नांवांचें कार्यहि असेंच आहे. एकच नांव दोघांस जाऊं नये, यासाठीं एक सर्वमान्य सूची लागते. तिच्या शिखराची व्यवस्था अमेरिकेंतील आयकॅन ही संस्था पाहते. देवनागरींतील ‘.भारत’ हें नांवहि त्याच सूचींत आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली. २८ तारखेस युक्रेन सरकारनें आयकॅनकडे मागणी केली कीं, रशियाचीं ‘.आरयू’ आदि नांवें रद्द करावींत, म्हणजे खोट्या प्रचारास आळा बसेल. ज्याच्या शहरांवर तोफा चालत होत्या, त्याची ही मागणी अवाजवी कशी म्हणावी? तरीहि २ मार्चला आयकॅननें ती नाकारली.

हा नकार भित्रेपणाचा वाटेल. परंतु त्यामागील विचार पक्का आहे. नांव पुसल्यानें प्रचारक मुका होत नाहीं, तो दुसरें नांव घेतो. रुग्णालयें, पेढ्या आणि सरकारवर टीका करणारीं पत्रें मात्र अडचणींत येतात. शिवाय आज एकाचें नांव पुसलें, तर उद्यां कोणाचेंहि पुसतां येईल, या भीतीनें बलाढ्य राष्ट्रें आपापल्या निराळ्या सूची करतील. मग पिनकोडाविना दोन कर्जतांचा जो घोटाळा होईल, तोच जगभर होईल.

तटस्थता म्हणजे कायद्यांतून सुटका नव्हे. युरोपांत इंटरनेटचे क्रमांक नोंदणारी राइप ही संस्था नेदर्लंड्समध्यें असल्यानें युरोपीय निर्बंध पाळते. निर्बंध लागलेल्या सभासदाची नोंद ती गोठविते. नवे क्रमांक देत नाहीं, परंतु जुने हिरावूनहि घेत नाहीं.

शिक्षा करावयाची ती लोकांस जबाबदार असलेल्या सरकारांनीं, उघड कायद्यानें आणि नेमक्या अपराध्यास करावी. सूची राखणारानें सूचीच राखावी. युद्ध संपल्यावर दोन्हीकडील माणसांना पुन्हां एकमेकांशीं बोलावयाचें असतें. त्या दिवसापर्यंत पत्ते शाबूत राहिले पाहिजेत.